झाडीपट्टीच्या नाटकासाठी जेव्ही-१०८० : सीनमध्ये आवाज बदलला की सूर तुटतो

वडसा_ऑर्गन

नमस्कार मंडळी. नाटक कंपनीसाठी सेकंडहँड रोलँड जेव्ही-१०८० (बिनपट्ट्यांचं, मिडीने वाजवायचं साउंड मॉड्यूल) घेतलंय. मागच्या पट्टीवर १०० व्होल्ट छापलंय, म्हणजे जपानचा माल. सोबत ६१ कीचा अरेंजर कीबोर्ड (पाच पिनचं मिडी आऊट आहे) आणि एसपीडी-२० ऑक्टापॅड. ढोलकी-तबला माइकवर. भाऊबीजेनंतर मंडया (गावोगावच्या जत्रा) लागल्या की रोज नवं गाव आणि नवा मंडप, म्हणून सेटिंग एकदाच पक्की करून ठेवायची आहे.

अडतंय ते असं. पॅच मोडमध्ये (एका वेळी एकच आवाज) स्ट्रिंग्ज आणि बासरी भरून वाजतात, तेच पॅच परफॉर्मन्समध्ये (अनेक पॅचचा संच) टाकले की कोरडे. करुण सीनमध्ये स्ट्रिंग्जवरून बासरीवर जाताना आधीचा सूर कट होतो. कीबोर्डवर आवाज बदलला की मॉड्यूलमध्ये भलताच आवाज लागतो, आणि स्टाइल सुरू केली की मॉड्यूल आपलाच ठेका वाजवत बसतं. ऑक्टापॅडही यालाच जोडायचा आहे, पण मिडी इन एकच. वरून मंडपाच्या मिक्सरला लावलं की घूं.

मॅन्युअल मिळालेलं नाही. जाणकारांनी आकड्यांसकट सांगावं.

काळी_चार

पहिल्या दोन तक्रारींचं मूळ एकच आहे. जेव्ही-१०८० मध्ये रिव्हर्ब आणि कोरस सोडले तर ईएफएक्स (डिलेसारखा खास इफेक्ट) फक्त एक. पॅच मोडमध्ये तो त्या पॅचच्या सेवेत असतो. परफॉर्मन्समध्ये १६ पार्ट (प्रत्येकात एक आवाज) आणि ईएफएक्स तोच एक, म्हणून तो कोणाच्या सेटिंगने चालायचा हे तुम्ही ठरवायचं. परफॉर्मन्सच्या इफेक्ट पानावर 'ईएफएक्स सोर्स' असतं. तिथे 'परफॉर्म' ठेवलं तर परफॉर्मन्सचा स्वतःचा इफेक्ट चालतो. पार्टचा नंबर दिला तर त्या पार्टच्या पॅचमधला इफेक्ट उचलला जातो. १० नंबर तिथे मिळत नाही, कारण तो ऱ्हिदमचा पार्ट आहे.

नाटकासाठी माझं मत सरळ आहे : सोर्स बासरीच्या पार्टला द्या. बासरीला डिले नसेल तर ती उघडी पडते. स्ट्रिंग्ज आणि पेटी रिव्हर्बवर निभावतात. मग प्रत्येक पार्टचं आऊटपुट असाइन बघा. बासरी 'ईएफएक्स', बाकी सगळे 'मिक्स'. सगळे पार्ट 'पॅच' वर सोडले की ज्याच्या पॅचमध्ये ईएफएक्स लिहिलंय तो प्रत्येक आवाज बासरीच्याच डिलेत शिरतो आणि पेटीचा चिखल होतो. स्ट्रिंग्जला रिव्हर्ब सेंड ७० च्या आसपास, कोरस सेंड ३०-४०. पेटीला रिव्हर्ब २५, कोरस शून्य. हे आकडे उघड्या मैदानासाठी आहेत. पत्र्याच्या सभागृहात अर्ध्यावर आणा.

आता सूर तुटण्याचं. सिस्टीममध्ये 'पॅच रिमेन' ऑन केलं की पॅच बदलताना धरलेला सूर जागेवर राहतो. पण पॅचबरोबर इफेक्टची सेटिंगही बदलते, ती लगेच, त्यामुळे शेपटी तरीही विचित्र होते. परफॉर्मन्स बदलला तर तुटणारच. यावर इलाज एकच : चालू सीनमध्ये पॅचही बदलायचा नाही आणि परफॉर्मन्सही नाही. त्या अंकाला लागणारे सगळे आवाज एकाच परफॉर्मन्समध्ये वेगवेगळ्या चॅनेलवर तयार ठेवायचे, आणि कीबोर्डने फक्त कुठल्या चॅनेलवर बोलायचं ते बदलायचं.

अरेंजरवर हे सोपं आहे. बहुतेकांमध्ये उजव्या हाताचे दोन आणि डाव्या हाताचा एक असे भाग असतात आणि मिडी मेनूत प्रत्येकाला वेगळं चॅनेल देता येतं. उजवा-१ चॅनेल १ वर, उजवा-२ चॅनेल २ वर, डावा ३ वर. मॉड्यूलमध्ये पार्ट १ ला स्ट्रिंग्ज, पार्ट २ ला बासरी, पार्ट ३ ला पेटी. आता कीबोर्डवर उजवा-१ बंद करून उजवा-२ चालू केला की स्ट्रिंग्जवरून बासरीवर गेलात. पेडलवर धरलेल्या स्ट्रिंग्ज मागे विरत राहतात. दोन्ही चालू ठेवले तर दोन्ही एकत्र, जे करुण सीनला बऱ्याचदा हवंच असतं.

पार्टच्या मिडी पानावर आणखी तीन स्विच आहेत. 'रिसीव्ह प्रोग्राम चेंज' सगळ्या पार्टचं ऑफ करा. भलताच आवाज लागतो तो याच्यामुळे : अरेंजर स्वतःच्या बँक नंबरसकट प्रोग्राम चेंज पाठवतो आणि जेव्ही त्यातून जे जुळेल ते उचलतं. 'रिसीव्ह व्हॉल्यूम' पण ऑफ. कीबोर्डचा स्वतःचा आवाज नको म्हणून लोक भागाचा व्हॉल्यूम शून्य करतात. तो शून्य सीसी ७ (व्हॉल्यूमचा मिडी संदेश) बनून मॉड्यूलला जातो आणि मग 'वायर बरोबर आहे तरी आवाज नाही' म्हणून शोधाशोध. कीबोर्ड गप्प करायचा तर लोकल ऑफ करा किंवा मुख्य व्हॉल्यूम खाली घ्या. तिसरा स्विच 'होल्ड', पेटीच्या पार्टला ऑफ. पेटीला पेडल नसतो. डाव्या हाताचे सगळे सुर पायाखाली साचले की गाणाऱ्याचा षड्ज हरवतो.

व्हॉइसचा हिशेबही करून घ्या. मशीन ६४ व्हॉइसचं आहे (एका वेळी एवढेच आवाज), पण पॅचमध्ये चार टोन (आवाजाचे थर) असतील तर एक सूर चार व्हॉइस खातो. चार टोनच्या स्ट्रिंग्ज, पाच बोटं, पेडल धरून दोन कॉर्ड : झाले ४०. त्यावर तीन टोनच्या पेटीचे चार सूर, १२. मग ऑक्टापॅडने रोल सुरू केला की मागच्या स्ट्रिंग्ज गळायला लागतात आणि माणूस वायर हलवत बसतो. व्हॉइस रिझर्व्हमध्ये बासरीला २, पेटीला १२, ऱ्हिदमला ८, स्ट्रिंग्जला २४ द्या. एकूण ४६ होतात, उरलेले ज्याला लागतील त्याला. स्ट्रिंग्जच्या पॅचमधले दोन टोन बंद केले तरी मंडपात फरक कळत नाही. पहिला उपाय खरं तर तोच करावा.

शेवटी राइट. परफॉर्मन्स सेव्ह केला की त्यात पॅचचा फक्त नंबर जातो, पॅच जात नाही. पॅचमध्ये केलेला बदल आधी युजर पॅच म्हणून वेगळा राइट करायचा, मग परफॉर्मन्स राइट करायचा. उलटं केलंत तर दुसऱ्या दिवशी टोन पुन्हा चारच्या चार. राइट होतच नसेल तर युटिलिटीमध्ये प्रोटेक्ट बघा.

मिडी_मिस्त्री

वरचं सगळं बरोबर, पण एक अट जोडतो. बोटं दाबलेली असताना उजवा-१ बंद केला तर काही कीबोर्ड नोट-ऑफ पाठवतच नाहीत, किंवा नव्या चॅनेलवर पाठवतात. मग चॅनेल १ वरचा सूर लटकतो आणि प्रवेश संपेपर्यंत चालू. तालमीत आधी तपासा : सूर दाबा, भाग बदला, बोट उचला. लटकला तर आपल्या कीबोर्डला ती खोड आहे असं समजून बदल नेहमी बोट उचलून, सूर पेडलवर ठेवून करायचा. आणि पेडल सोडल्याचा संदेश जुन्या चॅनेललाही जातो का, तेही तिथेच तपासून घ्या. कीबोर्डवर पॅनिकचं बटण असेल तर त्याच्यावर लाल टेप लावा. ते नसेल तर सीसी १२३ (सगळे सूर बंद) पाठवता येतो का ते मेनूत शोधा.

स्टाइलचा ठेका : अरेंजर साथीचे भाग स्वतंत्र चॅनेलवर बाहेर पाठवतो, बऱ्याच मॉडेलमध्ये ९ ते १६ वर. जेव्हीचे १६ ही पार्ट उघडे असतील तर ते मुकाट्याने वाजवणार. कीबोर्डच्या मिडी मेनूत स्टाइल ट्रान्समिट बंद करा. आणि मॉड्यूलमध्येही ४ ते ९ आणि ११ ते १६ या पार्टचं रिसीव्ह स्विच ऑफ करून टाका. दोन्हीकडून बंद केलेलं बरं, कारण कीबोर्ड फॅक्टरी रिसेट झाला की त्याचा मेनू परत जुन्या जागी जातो.

ऑक्टापॅडला १० चॅनेल देऊच नका. पार्ट १० हा ऱ्हिदमचा असला तरी त्याचं चॅनेल बदलता येतं. पार्ट १० ला चॅनेल ५ द्या, ऑक्टापॅडलाही ५. मग कुठून चुकून १० वर काही आलं तरी मॉड्यूल बहिरं.

दोन मिडी आऊट एका इनमध्ये घालायला वाय-केबल चालत नाही. मिडी हा ३१,२५० बॉडचा एकापाठोपाठ जाणारा डेटा आहे. दोघांचे बाइट एकमेकांत घुसले की मॉड्यूल त्यातून काहीही अर्थ काढतं. मर्ज बॉक्स लागतो. दोन इन, एक आऊट, पुरे. थ्रू बॉक्स वेगळा, तो एकाचे अनेक करतो. दुकानदार बरेचदा तोच हातात देतात, बघून घ्या. मर्ज मिळेपर्यंत जुगाड असा : कीबोर्डचं आऊट ऑक्टापॅडच्या इनमध्ये, आणि ऑक्टापॅडच्या मिडी सेटिंगमध्ये सॉफ्ट थ्रू असेल तर ते चालू करून त्याच्या आऊटमधून मॉड्यूलला. तोटा एवढाच की पॅडची पिन निघाली की कीबोर्डही गेला.

उशीर होईल ही भीती सोडा. एक नोट-ऑन तीन बाइटचा, त्याला साधारण १ मिलिसेकंद लागतो. केबल १५ मीटरच्या वर नेऊ नका. त्यातही पाच पिनचा साचा केलेला स्वस्त प्लग पहिल्याच महिन्यात आतून तुटतो. नागपूरला सीताबर्डीत धातूचे डिन प्लग सुटे मिळतात, ते घेऊन स्वतः सोल्डर करा : ४ ला ४, ५ ला ५, शिल्ड २ ला. १ आणि ३ रिकामे.

मंडप_साउंड

लाइटीचं कोणी बोललंच नाही बाप्पा. आधी तिकडे या, नाही तं मशीन दिवाळी पाहणार नाही.

१०० व्होल्टच्या मशीनला बाजारातला '११० व्होल्ट स्टेप-डाऊन' लावू नका. हिशेब करा. लाइन २३० असताना तो ११० देतो. रात्री गावातल्या मोटरी बंद झाल्या आणि लाइन २५० वर गेली तं तोच १२० च्या घरात जातो. मशीन १०० चं. जास्तीचे व्होल्ट आत उष्णता होऊन बसतात. २३० ते १०० असा ट्रान्सफॉर्मर बांधून घ्या, १०० व्हीएचा एका मॉड्यूलला भरपूर होतो. त्याच्या आधी संगणकाचा ६०० व्हीएचा यूपीएस. क्रम असा : बोर्ड, यूपीएस, स्टेप-डाऊन, मॉड्यूल. लाइन गेल्यावर जनरेटर सुरू होईपर्यंत तेवढं पुरतं. बॅटरीवर असताना असे यूपीएस चौकोनी लहर देतात, ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो, त्याला घाबरायचं नाही. पण तासभर तसं चालवायचंही नाही. ट्रान्सफॉर्मर रॅकच्या आत बसवू नका. त्याचं चुंबकीय क्षेत्र ऑडिओत घूं टाकते. तीन-चार फूट लांब, खाली.

आता तुमचं घूं. आधी कान देऊन ओळखा कोणतं आहे. एकसुरी जाड घूं म्हणजे अर्थिंगचा लूप : तुमची अर्थ एका बोर्डाची, मिक्सरची दुसऱ्या, आणि दोन्ही ऑडिओच्या शिल्डने जोडल्या गेल्या. पण लाइट कमी-जास्त केल्यावर ज्याची धार बदलते ते झर्र, ते डिमरचं. त्याला डीआयने (मॉड्यूल आणि मिक्सरच्या मधला सिग्नलचा डबा) फरक पडत नाही. साउंड आणि वाद्यांची लाइन डिमरपासून वेगळ्या फेजवर घ्यायची, आणि ऑडिओ केबल लाइटच्या केबलला समांतर न्यायची नाही. ओलांडायची तं काटकोनात.

लूपवर लोक तीन पिनच्या प्लगची अर्थ मोडून टाकतात. करू नका. दव पडलेल्या ताडपत्रीवर अनवाणी बसलेला वादक, हातात धातूचा रॅक, आणि जनरेटरवरची लाइन. आवाज बंद होते, माणूसही बंद होऊ शकते. साधा ट्रान्सफॉर्मरवाला पॅसिव्ह डीआय घ्या, ग्राउंड लिफ्ट त्याच्यावर करा. मॉड्यूल ते डीआय जॅक केबल दोन-तीन मीटर, पुढे मिक्सरपर्यंत एक्सएलआर, मग ते शंभर फूट असो. सगळ्यांनी एकाच ठिकाणून लाइन घेतली तं अर्धे घूं तिथेच संपते.

गावचा साउंड मोनो असतो हे धरून चला. मिक्स आऊटचा डावा जॅक, ज्याच्यावर मोनो लिहिलंय, तोच एक लावा. दोन्ही लावून मिक्सरवर एकच फेडर उघडला तं अर्धा पियानो गायब. पॅडचा आवाज साउंडवाल्याला वेगळ्या फेडरवर द्यायचा असेल तं पार्ट १० चं आऊटपुट असाइन 'आऊटपुट १' करा आणि मागच्या डायरेक्ट १ मधून काढा. पण तिथे एकच जॅक लावला तं उजवीकडे पॅन केलेला झांजेचा आवाज येणार नाही. दोन्ही जॅक आणा, नाही तं त्या ऱ्हिदम सेटमधल्या सगळ्या कींचं पॅन मधे घ्या. डायरेक्टला रिव्हर्ब येत नाही, ढोलाला ते बरंच आहे.

अजून दव. नोव्हेंबर ते जानेवारी रात्री दोननंतर वैनगंगेच्या काठच्या गावांत सगळं ओलं होते. मध्यंतरात मशीन बंद करू नका, चालू मशीन गरम राहते आणि दव धरत नाही. वरून प्लास्टिक नको, त्याच्याखाली वाफ कोंडते. जाड सुती कापड, हवेची भोकं सोडून. हॅलोजनखाली बसले तं किडे आत जातात, मागच्या जाळीला मच्छरदाणीचा तुकडा लावा. सकाळी पाचला थंड पिकअपमधून काढलेलं मशीन घरात आणून लगेच सुरू करू नका, तासभर उघडं राहू द्या.

सर्किट_नागपुरी

दोन गोष्टी राहिल्या.

आतली बॅटरी. जेव्ही-१०८० १९९४ चं डिझाइन आहे, तुमच्या पॅचेसची आठवण आतल्या सीआर-२०३२ वर टिकते. डिस्प्लेवर बॅटरी लो आलं की सीझन संपायची वाट पाहू नका. मात्र बदलण्याआधी बॅकअप, कारण बॅटरी काढली की युजर मेमरी गेली. युटिलिटीतून बल्क डंप (मेमरीची मिडीवरून प्रत) काढा, लॅपटॉपवर मिडी-ऑक्स या प्रोग्रॅममध्ये पकडा. स्वस्तातली यूएसबी-मिडी केबल इथे दगा देते : नोटा नीट जातात, लांब सिस्टीम एक्सक्लुझिव्ह मधेच तुटतं. फाइल आल्यावर लगेच ती परत मॉड्यूलला पाठवून बघा. परत पाठवताना दोन पाकिटांत थोडं अंतर ठेवा, नाहीतर चेकसमची एरर येते. डिव्हाइस आयडी १७ वरच राहू द्या, तो बदललेला असेल तर मॉड्यूल डंपकडे बघतही नाही.

दुसरं, रॅक आणि रस्ते. २यू चं मशीन समोरच्या चार स्क्रूवर लटकवून लाखांदूर-आरमोरी करू नका, कान वाकतात. मागून आडवी पट्टी किंवा खाली ट्रे. एक यू म्हणजे ४४.४५ मिमी, त्या मापाने ४यू चा रॅक घ्या : दोन यू मशीनला, एक वर हवेला मोकळा, एक डीआय आणि मर्ज बॉक्स ठेवायला. एक्सपान्शन बोर्ड टाकले असतील तर (चार बसतात) ते कनेक्टरमधून धक्क्याने वर सरकतात. बोर्डचे पॅच यादीतून अचानक गायब झाले तर बोर्ड मेला असं समजू नका. प्लग काढून, झाकण उघडून, दोन्ही बाजूंनी सारखा दाब देऊन बसवा. आशियाई वाद्यांसाठी एसआर-जेव्ही८०-१४ हा बोर्ड, ०५ नंबर वर्ल्डचा. सेकंडहँडमध्ये भाव चढलेले आहेत. आधी आहे त्या आवाजांतून काय निघतं ते काढून बघा.

लॅपटॉप_लावा

एवढं सगळं करण्यापेक्षा एक लॅपटॉप, एक इंटरफेस, हवे तेवढे आवाज. १९९४ चं मशीन कशाला?

काळी_चार

आवाज लॅपटॉपचे चांगले, वाद नाही. पण लाइट झपकन गेली आणि यूपीएसही बसला तर जेव्ही काही सेकंदांत परत उभं राहतं. म्हणूनच अंकाचा मुख्य परफॉर्मन्स युजर ०१ वर ठेवायचा, चाचपडत शोधावा लागत नाही. लॅपटॉप तोवर अपडेट लावत बसला तर प्रेक्षकांना पडदा पाडून दाखवावा लागेल. ज्याला दोन्ही परवडतं त्याने लॅपटॉप दुसरा ठेवावा.

वडसा_ऑर्गन

सगळ्यांचे आभार, पार्ट-चॅनेलचं करून पाहिलं, सूर तुटत नाही. आता दोन प्रश्न. पेटीचा पॅच यात नीट नाही, रीड ऑर्गन लावला तर चर्चसारखा वाटतो. आणि गायक पट्टी बदलतात : एक काळी एक, बाई काळी चार. कीबोर्डवर ट्रान्सपोज केलं की स्प्लिट सरकतो. शिवाय गडगडाट, टाळ्या वगैरे ऑक्टापॅडवर हव्यात.

काळी_चार

प्रीसेट डी ही जीएमची (जनरल मिडी, ठरलेल्या नंबरांचे आवाज) बँक आहे, त्यातला २१ नंबर रीड ऑर्गन घ्या आणि युजरमध्ये कॉपी करून त्याच्यावर काम करा. तो चर्चचा वाटतो कारण एकच स्वच्छ रीड आणि वर कोरस. आपल्या पेटीत दोन-तीन स्वर एकत्र बोलतात आणि ते तंतोतंत जुळलेले नसतात. टोन १ आणि २ ला तीच वेव्ह द्या, फाइन ट्यून एकाला -४, दुसऱ्याला +४. टोन ३ कोर्स -१२, म्हणजे खर्ज, लेव्हल ५० पर्यंत. त्याहून वर नेला तर ढोलकीच्या डाव्यात मिसळतो. कोरस शून्य, एलएफओची (कंपाची) खोली शून्य.

खरी मेख व्हेलॉसिटीत आहे. पेटीचा सूर बोट जोरात मारल्याने मोठा होत नाही, भात्याने होतो. तिन्ही टोनच्या टीव्हीएमध्ये (लेव्हलचा विभाग) व्हेलॉसिटी सेन्स शून्य करा, आणि फिल्टरवर व्हेलॉसिटी असेल तर तीही शून्य. भाता म्हणून एक्स्प्रेशन पेडल, सीसी ११. टीव्हीए एन्व्हलपचा टी१ (सूर उघडायचा वेळ) १५-२० ठेवा, सूर हवा भरून उघडतो. टी४ (सूर विरायचा वेळ) १० च्या आत, बोट उचललं की बंद. टी४ लांब राहिला तर तानेत सूर एकमेकांवर चढतात. कटऑफ पूर्ण उघडा असेल तर ९० वर आणा, मंडपाच्या हॉर्नमध्ये रीडचा चरचर आधीच जास्त असतो.

बासरीसाठी इथेच सांगून टाकतो : की असाइन सोलो, सोलो लेगॅटो ऑन, पोर्टामेंटो ऑन आणि मोड लेगॅटो, टाइम २० ते ३०. जोडून वाजवलं तरच मींड येते, सुटं वाजवलं तर सूर सरळ उभा. बेंड वर-खाली २. जास्त ठेवला तर हात थरथरला की स्वर घसरतो.

पट्टीचं. कीबोर्डने +२ ट्रान्सपोज केलं की तुम्ही दाबलेला सूर दोन वर जाऊन मॉड्यूलला पोचतो. मॉड्यूलचा की रेंज त्या आलेल्या सुरावर चालतो, म्हणून स्प्लिट दोन पट्ट्या डावीकडे सरकलेला दिसतो. शिवाय सूर दाबलेला असताना ट्रान्सपोज बदललं तर नोट-ऑफ वेगळ्या सुराला जातो आणि काही कीबोर्डवर सूर लटकतो. म्हणून ट्रान्सपोज मॉड्यूलमध्ये करा. पार्ट १, २, ३ चं कोर्स ट्यून बदला, पार्ट १० ला हात लावू नका. कोर्स ट्यून की रेंजच्या नंतर लागतं, स्प्लिट जागचा हलत नाही. युजर परफॉर्मन्स ३२ आहेत. तोच परफॉर्मन्स कॉपी करून एक काळी एकसाठी, एक काळी चारसाठी करा, नावातच पट्टी लिहा. बदल गाण्याच्या आधी, संवाद चालू असताना, हात रिकामे असताना. आणि कीबोर्डमधून परफॉर्मन्स चुकून बदलू नये म्हणून सिस्टीममध्ये कंट्रोल चॅनेल ऑफ ठेवा.

कंपनीत खरी पेटीही असेल तर तिचा 'सा' आधी ट्यूनरवर बघा. जुन्या पेट्या ४४० ला क्वचितच असतात. मास्टर ट्यून ४२७.४ ते ४५२.६ पर्यंत फिरतं, मॉड्यूल पेटीला मिळवा. पेटी मॉड्यूलला मिळवता येत नाही.

मिडी_मिस्त्री

ऑक्टापॅडच्या इफेक्टसाठी : टाळ्या जीएमचा १२७, समुद्र १२३, बंदूक १२८, उलटी झांज १२०. हे साधे पॅच आहेत, ऱ्हिदम सेटमधले नव्हेत. म्हणून एक रिकामा पार्ट, समजा ४, त्याला चॅनेल ६ देऊन त्यात टाळ्या ठेवा, त्याचं रिसीव्ह पुन्हा ऑन करा, आणि एसपीडी-२० च्या त्या एका पॅडला चॅनेल ६ द्या. प्रत्येक पॅडचं चॅनेल आणि सूर वेगळा ठेवता येतो.

टाळ्या 'टप' होऊन लगेच थांबल्या तर दोष गेट टाइमचा. पॅडला की उचलणं माहीत नसतं, तो ठरलेल्या वेळाने नोट-ऑफ पाठवतो. त्या पॅडचा गेट टाइम वाढवा आणि पॅचचा टी४ ८० च्या वर न्या. ऱ्हिदम सेटमधल्या आवाजांना दुसरा मार्ग : त्या कीचा एन्व्हलप मोड 'नो-सस' करा, मग नोट-ऑफ आला तरी आवाज पूर्ण वाजतो. फक्त लूप असलेल्या वेव्हला नो-सस देताना एन्व्हलपची शेवटची लेव्हल शून्य आहे ना ते बघा, नाहीतर तो थांबणारच नाही.

गडगडाटाला टॉमचा सगळ्यात खालचा सूर घेऊन कोर्स -२४, कटऑफ ४० आणि रिव्हर्ब १००. पॅडच्या काठावरच्या हलक्या टिचकीनेही तो वाजायला लागला तर त्या पॅडची सेन्सिटिव्हिटी दोन पायऱ्या कमी करा.